लाइन क्लिअर कोणी दिला?

संगणकावर आगगाडीचे खेळ पुष्कळ आहेत. त्यातला 'ट्रेन्झ' माझा आवडता. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीने तो २००१ साली काढला. त्यात इंजिन स्वतः हाकता येतंच, पण खरी मजा वेगळीच. रूळ, सांधे, सिग्नल, स्टेशनं सगळं आपण मांडायचं आणि मग इंजिनावर संगणकी ड्रायव्हर बसवायचे. प्रत्येक ड्रायव्हरला हुकमांची एक ओळ द्यायची : अमुक ठिकाणी जा, डबे जोड, माल भर, थांब. बस्स! पुढचे सांधे तो आपले आपण बदलून घेतो, लाल सिग्नल दिसला की उभा राहतो.

आता कोल्हापूरचा माणूस अशा खेळात काय मांडणार? अर्थात मिरज-कोल्हापूर!

हा मार्ग आपल्या संस्थानाचा. १८८८ साली कामाचा मुहूर्त झाला तेव्हा शाहू महाराज जेमतेम चौदा वर्षांचे होते, राज्याधिकारही अजून हातात आले नव्हते. १८९१ साली गाडी सुरू झाली. पैसा कोल्हापूर दरबाराचा, गाड्या चालवायचं काम मात्र सदर्न मराठा रेल्वेकडे. लांबी सुमारे ४७ किलोमीटर, मीटरगेज आणि एकेरी. मिरज सोडली की कृष्णेवरचा पूल, मग जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, पंचगंगेचा पूल, वळिवडे आणि कोल्हापूर. यातलं जयसिंगपूर गाव शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावानं १९१७ साली वसवलं. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. युद्धानं घरदार हिरावलेल्या त्या बायकापोरांची नवी वस्ती याच रुळांच्या कडेला उभी राहिली. एवढ्याशा मार्गाच्या पोटात किती काय आहे बघा!

पण मला सांगायचंय ते 'एकेरी' या शब्दाबद्दल.

खेळात एक प्रयोग करून बघा. एक गाडी हातकणंगल्यात उभी करा, दुसरी कोल्हापुरात. दोन्ही ड्रायव्हरना एकाच वेळी "समोरच्या स्टेशनात जा" म्हणून सांगा, बाकी काही सांगू नका. दोघं निघतात आणि मधेच कुठेतरी समोरासमोर येऊन उभे राहतात. टक्कर नाही, पण कोणी हलतही नाही. मागे जा असं कोणी सांगितलेलं नाही, म्हणून दोघं वाट बघतात. रात्रभर ठेवा, सकाळी तिथेच! यात दोष कोणाचाच नाही. प्रत्येकाला फक्त स्वतःचा हुकूम माहीत आहे. उपाय सोपा आहे. एकाच्या ओळीत जादा हुकूम घालायचा : रुकडीला बाजूच्या रुळावर थांब, समोरची गाडी आली की मग निघ. अशी वाट बघायला लावणारे हुकूम हौशी मंडळींनी स्वतः लिहून एकमेकांना वाटलेले आहेत.

खऱ्या रेल्वेत हा प्रश्न माणसं मारून सुटला. १८७४ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये नॉरविचजवळ थॉर्प इथे तारेच्या निरोपात घोटाळा झाला, एकेरी रुळावर दोन्हीकडून गाड्या सोडल्या गेल्या आणि भर वेगात आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायरनं १८७८ साली विजेवर चालणारं टॅब्लेट यंत्र काढलं. त्याचाच भाऊबंद म्हणजे आपल्याकडचा नीलचा गोळा. दोन शेजारच्या स्टेशनांत एकमेकांना तारेनं जोडलेली दोन यंत्रं, आत लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तरनं संमती दिल्याशिवाय इकडून गोळा निघत नाही. आणि एक बाहेर आला की तो यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा कुठल्याच टोकाला निघत नाही. गोळा पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. चालत्या गाडीतून ते कडं हातात अडकवून घेणारा माणूस जुन्या मंडळींनी पाहिलेला असेल.

आमचे एक मामा लहान स्टेशनांवर मास्तर होते. त्यांना हा खेळ दाखवला. थोडा वेळ बघत बसले, मग एकच प्रश्न विचारला : "लाइन क्लिअर कोणी दिला?"

मी म्हटलं, कोणी नाही मामा, ड्रायव्हरच रस्ता शोधतात. त्यांना ते मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की ड्रायव्हर कितीही हुशार असो, त्याला वळणापलीकडचं दिसत नाही. रात्री दोन वाजता अंधारात तो पूर्ण वेगानं जातो तो स्वतःच्या नजरेच्या भरवशावर नाही, तर दोन स्टेशनांतल्या दोन जाग्या माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर. गोळा म्हणजे तो शब्द, हातात धरता येईल असा केलेला.

तेव्हापासून मी हुकूम वेगळ्या तऱ्हेनं लिहितो. आधी ड्रायव्हरचा नाही, रुळाच्या तुकड्याचा विचार करायचा. रुकडी ते हातकणंगले हा तुकडा आत्ता कोणाचा? त्याचं उत्तर एकच असलं की बाकी सगळं जमतं.

हे फक्त खेळापुरतं नाही. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ पासून स्वयंचलित पद्धतीनं धावते. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० ला देशातली पहिली चालकाविना गाडी धावली. आपल्याला नवल वाटतं ते ड्रायव्हर नसल्याचं. पण ड्रायव्हर बदलणं त्या मानानं सोपं. मास्तरचा तो शब्द मात्र यंत्रातही कुठेतरी ठेवावाच लागतो, नाहीतर कितीही शहाण्या गाड्या रुकडीजवळ समोरासमोर उभ्या राहतील.

असो. मामांना आता सायडिंगला उसाच्या वाघिणी हव्या आहेत. बघू कसं जमतंय ते!