रणांगणावरचीं पत्रें

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या अहवालांवरून लिहिला जातो. परंतु युद्ध माणसाच्या मनाचें काय करून टाकतें, हें जाणावयाचें असेल तर रणांगणावरून घरीं आलेलीं पत्रें वाचावीं. पहिल्या महायुद्धांतील रोलंड लेटन व व्हेरा ब्रिटन या इंग्रज तरुण-तरुणींचा पत्रव्यवहार या दृष्टीनें मननीय आहे.

रोलंड हा व्हेराच्या भावाचा शाळासोबती. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ति मिळाली असतांही १९१४ सालीं त्यानें सैन्याची वाट धरली आणि १९१५ च्या मार्चअखेर तो फ्रान्सला रवाना झाला. व्हेरा तेव्हां ऑक्सफर्डलाच शिकत होती. युद्धांत कांहीं तरी उदात्त आहे, ही त्या विशींतील तरुणाची श्रद्धा होती. एप्रिलमध्यें बेल्जममधील प्लुगस्टीर्टच्या रानांतून त्यानें तिला जांभळीं व्हायोलेट फुलें पाठविलीं. त्याच रानांतील झुडपांत एका शिपायाचें प्रेतहि त्यास आढळलें होतें.

घरीं राहणाऱ्याची यातना निराळीच. पत्र हातीं पडलें, म्हणजे तें लिहितांना लिहिणारा जिवंत होता, एवढेंच सिद्ध होई. पुढच्या क्षणाची शाश्वती कोण देणार? व्हेरानें शिक्षण सोडून रुग्णालयांत शुश्रूषेचें काम पत्करलें. ऑगस्टमध्यें तो रजेवर आला असतां उभयतांचा वाङ्निश्चय झाला.

पुढच्याच महिन्यांतील पत्राचा सूर मात्र पार पालटलेला आहे. खंदकांत उघडीं पडलेलीं मृतांचीं हाडें व कवट्या त्यानें पाहिल्या होत्या. युद्धाचे गोडवे गाणाऱ्यांनीं हा ढिगारा येऊन पाहावा, असें त्यानें संतापून लिहिलें. पुढें पुढें त्याचीं पत्रें विरळ व कोरडीं होऊं लागलीं. आपण रानटी बनलों आहों, असें त्याचें त्यासच वाटूं लागलें. व्हेरानें रोषानें जाब विचारला, त्यानें क्षमा मागितली. गोळी लागण्यापूर्वींच युद्धानें दोन जिवांमध्यें भिंत उभारली होती!

नाताळाच्या रजेवर तो येणार म्हणून ती ब्रायटनला वाट पाहत होती. २६ डिसेंबरला दूरध्वनीवरून निरोप आला, तो त्याच्या मृत्यूचा. तारांच्या कुंपणाच्या कामावर असतां गोळी लागून २३ तारखेसच त्याचा अंत झाला होता. नंतर त्याचे चिखलानें माखलेले कपडे तेवढे घरीं परत आले. १९१८ च्या जूनमध्यें तिचा भाऊहि इटलींत पडला.

१९३३ सालीं व्हेरानें ‘टेस्टमेंट ऑफ यूथ’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्याचा मोठा आधार म्हणजे हींच जपून ठेवलेलीं पत्रें. पुढें ती आमरण शांततेचा पुरस्कार करीत राहिली. फुलांपासून हाडांपर्यंतचा तो प्रवास अवघ्या पांच महिन्यांचा होता. पण तो तिनें स्वतः वाचला होता, म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या उन्मादांतहि तिचा निश्चय ढळला नाहीं.