मऊ पिसाची माशी

सीमेवरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. नदी हीच जिथे सीमा आहे असा मुलूख दिसला की मी थांबतोच. ट्वीड नदी काही मैल इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा होऊन वाहते. तिच्या खोऱ्यात ट्राउट धरण्यासाठी गळाला रेशीम आणि पीस बांधून खोटी माशी करतात.

१८५७ साली डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांचे 'द प्रॅक्टिकल अँगलर' प्रसिद्ध झाले. त्यातली काळी 'स्पायडर' म्हणजे तपकिरी रेशीम आणि आपल्या साळुंकीच्या कुळातल्या स्टारलिंगचे एक छोटे पीस. बस्स! (स्पायडर म्हणजे कोळी, मराठीत मासे धरणाराही कोळीच.) कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस माशीला पाण्यावर तरंगत ठेवते. हे मऊ पीस भिजते, प्रवाहात हलते आणि माशाला पाय हलवणारा जिवंत किडा भासतो. पिसाचे वेढे जास्त झाले की ती हालचालच मरते.

दक्षिणेला, इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये, टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये याच जातीच्या माश्या पुस्तकात नोंदवल्या. तित्तिराचे पीस आणि नारिंगी रेशीम ही त्यांतली प्रसिद्ध जोडी.

मला मोल वाटते ते स्टुअर्ट यांच्या एका कबुलीचे. ही माशी आपल्याला जेम्स बेली याने दाखवली आणि त्याला ओळखणारे सगळे त्याला स्कॉटलंडमधला सर्वांत निष्णात मासे धरणारा मानतात, असे त्यांनी लिहून ठेवले. त्या माश्या आज दुकानात 'स्टुअर्टच्या स्पायडर' याच नावाने मिळतात.