जीपचा इतिहास, मिस्त्रीच्या बाजूने

जीप आपल्याकडे आली तीच मुळी सुट्या भागांच्या रूपात. १९४५ साली जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मुंबईत पोलादाच्या व्यापारासाठी काढलेल्या कंपनीकडे १९४७च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँडच्या ७५ गाड्यांची पहिली खेप न जोडलेल्या अवस्थेत उतरली. पुढे माझगावात त्यांची जोडणी होऊ लागली, १९५४पासून टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन सुरू झाले. हा इतिहास नेहमी कारखान्याच्या बाजूने सांगितला जातो: परवाने, करार, मॉडेलांची नावे. पण ही गाडी महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांवर पुढची पन्नासएक वर्षे चालत राहिली याचे उत्तर कारखान्यात पुरते सापडत नाही. जीप भरपूर मोडायची. मात्र ती कुठे मोडली हे मिस्त्रीच्या हाताला आणि कानाला कळायचे, आणि कळले की झाडाखालीसुद्धा ती उघडता यायची. तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय म्हणूनच दुरुस्त करणाऱ्यांकडेही तितकेच जाते.

हा गुण तिच्या जन्मातच होता. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी घाईने हवी होती. बँटम कंपनीने त्या सप्टेंबरात पहिला नमुना दिला, पण मोठ्या संख्येने गाड्या बनवल्या विलीज आणि फोर्ड यांनी. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार झाल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असूनही एकीचे बहुतेक भाग दुसरीला बसावेत, ही लष्कराची अट होती. रणांगणावर दोन निकामी गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता आली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. साठ अश्वशक्तीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन, त्यामागे तीन गिअरचा डबा, त्याला चिकटून पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्स्फर केस, दोन एक्सल आणि चार पाटे, एवढाच तिचा संसार. लष्कराने शिपायासाठी मागितलेला हा सोपेपणा पुढे आपल्या गॅरेजवाल्याच्या पथ्यावर पडला.

फोर-व्हील-ड्राइव्हचे नेहमीचे बिघाड जवळून पाहिले की हा मुद्दा स्पष्ट होतो. पहिला बिघाड लिव्हर अडकण्याचा. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शिअल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, शाफ्ट मात्र दोन्ही एकाच गतीने फिरतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण मोकळा होतो. डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, त्यामुळे पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत साठत जातो आणि लिव्हर जागचा हलत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी लिव्हरशी झोंबत नाही. गाडी थोडी रिव्हर्स घेतो, पीळ उलगडतो, लिव्हर सुटतो. मग तो टायर पाहतो, कारण पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असले की घेर वेगळे पडतात आणि सरळ रस्त्यावरही तोच पीळ बसतो. दुसरा बिघाड पुढचे चाक थरथरण्याचा. एक्सलच्या टोकाला पोकळ पोलादी गोळा असतो, त्याच्या वर-खाली किंगपिनच्या बेअरिंगवर चाक वळते. गोळ्याला घासणारे नमद्याचे सील झिजले की ग्रीस बाहेर येते, माती आत जाते, बेअरिंगला खळ्या पडतात आणि ठरावीक वेगाला सगळे स्टिअरिंग हादरू लागते. निदानाला जॅक पुरतो: चाक उचलायचे, वर-खाली धरून हलवायचे, ढिलाई हाताला लागते. बेअरिंग शाबूत असेल तर खालच्या पातळ शिमांतली एखादी काढली की पकड परत येते. तिसरा बिघाड पावसाळ्याचा. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. हाऊसिंगवरचा ब्रीदर मातीने बुजलेला असेल, तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ निघाले की रोग ओळखला. ब्रीदर साफ करायचा, ऑइल आणि सील बदलायचे. तिन्ही ठिकाणी कारण डोळ्यांना दिसते आणि उपाय पान्याच्या आवाक्यात राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की दुरुस्तीचे हे कौतुक म्हणजे परवाना राजच्या नाइलाजाला दिलेला मुलामा आहे. सीजे-थ्रीबी हे उंच बॉनेटचे मॉडेल १९५३ साली आले, अमेरिकेत १९६८ साली बंद झाले, आणि आपल्याकडे त्याच साच्याच्या गाड्या पुढेही कित्येक वर्षे निघत राहिल्या. स्पर्धा असती तर गाडी सुधारली असती, हे मान्यच आहे. पण साचा न बदलल्याचा एक परिणाम हिशेबात धरला जात नाही: ज्ञान साचत गेले. वीस वर्षांपूर्वी शिकलेली जोडणी आजच्या गाडीलाही लागू पडायची. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांचे बाजार भरभराटले, लेथवाल्याला बुश कातून देण्याचे काम मिळाले, पाटा भट्टीत तापवून पुन्हा बाक देताना लोहाराची जुनी विद्या कामी आली. सरकारी खात्यातून लिलावात निघालेली जीप वडापला लागली आणि तिने आणखी एक आयुष्य काढले, ते या जाळ्याच्या आधारावर.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: रस्त्यावरच्या पुष्कळ जीपगाड्या दोनच चाकांवर चालत, कंपनीही तशी मॉडेले विकत असे. खरे आहे, पण त्यातून माझेच म्हणणे बळकट होते. गाडीचा पुढचा जोर काढून घेतला तरी बाकीचे शरीर तेच राहते आणि ज्या हातांनी एक उघडली तेच हात दुसरी उघडतात. तिसरा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. दुरुस्तीच्या सवयीने बेफिकिरीही आणली. पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल बसवले, तर पुढचे पाटे दबणार, मूळ गिअरबॉक्स आणि ब्रेक अपुरे पडणार, हे ठाऊक असूनही असे बदल झाले आणि त्याचा धोका आत दाटीवाटीने बसलेल्या प्रवाशांनी सोसला. चांगला मिस्त्री आणि नुसता जुगाड यांत फरक आहे. पहिला ताण कुठे जातो ते पाहतो, दुसरा गाडी चालू झाली की थांबतो.

आजच्या चारचाकी जोराच्या गाड्यांत लिव्हरऐवजी बटण आले आहे, आणि पुष्कळदा बिघाड आधी संगणकाला कळतो, मग माणसाला. त्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत आणि कमी बिघडतात, याबद्दल वाद नको. प्रश्न आहे तो बिघाड समजण्याचा हक्क कोणाकडे राहतो हा. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वाहने व शेतीची अवजारे तिच्या कक्षेत घेतली, तेव्हा हा प्रश्न धोरणाच्या भाषेत आला. जीपच्या मिस्त्रीने तो त्याआधीच कामातून सोडवून दाखवला होता. त्याचे ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे हातातून हातात गेले, कागदावर फारसे उतरले नाही. किंगपिनखालची शिम कागदाइतकी पातळ असते, पण ती किती काढायची आणि किती ठेवायची यावर चाक सरळ चालते. महाराष्ट्राच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना हे बारीक ज्ञान गाळले, तर ती गाडी इतकी वर्षे का चालली हेच सांगायचे राहून जाईल.