पर्सीचा जादा तास

दहावीचा तीन तासांचा पेपर संपल्याची घंटा होते. वर्ग रिकामे होतात, पटांगणात उत्तरं ताडून बघणं सुरू होतं, आणि एका खोलीत दोन-तीन मुलं अजून मान खाली घालून लिहीत असतात. तासाला २० मिनिटं या हिशेबाने त्यांना आणखी एक तास मिळालेला असतो. 'यांची बरी मजा आहे' असं बाहेर कुणीतरी बोलतंच. ते ऐकलं की जीव तुटतो.

या तासाचं मूळ शोधत गेलं की आपण १८९६ सालात पोचतो. इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातले डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी त्या वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी एफ. या १४ वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. त्याची नजर उत्तम होती. ७४९ ला ८६७ ने गुण म्हटलं, तर त्याने भराभर गुणून अचूक उत्तर दिलं. पण वयाच्या सातव्या वर्षापासून शिकवूनही वाचन काही जमेना. स्वतःचं नाव लिहितानाही त्याच्या अक्षरांची अदलाबदल झाली आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

मला हे मत डॉक्टरांच्या निदानाहून मोठं वाटतं. मुलगा वेगळा आणि त्याची वाचनातली अडचण वेगळी, हे त्या मास्तरांना दिसलं होतं. त्या वेळी 'डिस्लेक्सिया' हा शब्द होता, पण जर्मन डॉक्टर रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये तो वापरला होता मेंदूच्या विकाराने वाचन गमावलेल्या मोठ्या माणसांसाठी. मुलांकडे तो पुढे आला. अमेरिकेत १९२५ पासून सॅम्युएल ऑर्टन यांनी आणि मग ॲना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान आणि हात एकत्र वापरून अक्षर शिकवण्याची पद्धत बसवली. आजही विशेष शिक्षिका अशा मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवायला लावतात. धुळाक्षरं आपल्याला नवी नव्हती. ती कुणासाठी सर्वांत गरजेची आहेत, हे मात्र कळायला वेळ लागला.

१९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. महाराष्ट्र थांबला नाही. १९९६ मध्ये, पर्सीच्या हकिगतीला शंभर वर्षं होताना, राज्याने दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या: शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, जादा वेळ, एक भाषा सोडण्याची मुभा, खालच्या इयत्तेचं गणित. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि घरात कुजबुजला जाणारा विषय जेवणाच्या ताटावर आला. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि अध्ययन अक्षमता व स्वमग्नता दोन्ही त्यांत आल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडलं: लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाचीच अट घालता येणार नाही, असं सांगितलं.

पण मराठी माध्यमातल्या मुलाचं काय? तपासणीची साधनं इंग्रजीवर बेतलेली, आणि देवनागरीची अडचण निराळी. 'चिमणी' या शब्दात पहिली वेलांटी 'च'च्या आधी दिसते, उच्चारायची मात्र नंतर. 'धर्म'मधला रफार 'म'च्या डोक्यावर बसतो आणि वाचायचा 'म'च्या आधी. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीचा. इथे अडखळणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या मोजपट्टीने काय मोजणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये मराठीतही आली. सवलत आधी आणि साधन जवळजवळ वीस वर्षांनी, हा क्रम मला अजून टोचतो.

आज त्या तासासाठी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी बुद्ध्यांकाची चाचणी, वाचन-लेखनाची चाचणी, रुग्णालयाच्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला आईचा किंवा वडिलांचा बुडालेला रोज. शहरात हे कसंबसं जमतं. तालुक्याच्या गावात या कागदाची पहिली पायरी म्हणजे वर्गावरचे सर किंवा बाई. तोंडी सगळं सांगणारा आणि वहीत चार ओळींवर अडकणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांत भरला, तरच पुढचं सगळं सुरू होतं. आणि तो दहावीच्या वर्षी नाही, तिसरी-चौथीत डोळ्यांत भरायला हवा.