कोलू पाटलाचे तळे

बुऱ्हाणपुरात पाण्याचा इतिहास निघाला की बोलणे कुंडी भंडाऱ्यावर येते. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी नगरात आणण्याची ही योजना अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ साली झाली. आज मी ज्या जलाशयाविषयी बोलणार आहे, त्याचा कर्ता मात्र सुभेदार नव्हता; एक पाटील होता.

हे तळे नवेगावबांधचे. ते आजच्या गोंदिया जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपले बुऱ्हाणपूर एकाच मध्य प्रदेशात होते, त्यामुळे ते मला परके वाटत नाही.

तळ्याभोवती डोंगरांचे कडे असून त्यांतील सात शिखरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. पाहणाऱ्यास हा जलाशय निसर्गनिर्मित वाटावा. वस्तुतः अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील खिंडी बांध घालून बुजविल्या व पावसाचे पाणी आत कोंडले. भिंती डोंगरांनीच पुरविल्या; माणसाने बांधायची ती केवळ मधली जागा. ती जागा हेरण्याची दृष्टी मला बांधकामाहूनही मोठी वाटते.

हा खटाटोप कशासाठी? त्या भागात पाऊस विपुल पडतो. परंतु भात निसवण्याच्या वेळी त्याने दडी मारली, तर सारे वर्ष बुडते. कोहळी हे भात आणि ऊस पिकविणारे, तळी बांधण्यात निष्णात लोक. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, असे परंपरा सांगते. कोलू पाटील पुढे 'कोलासुर' या नावाने देव झाला. माणूस देव झाला की त्याचे चरित्र पुसले जाते, ही इतिहास शिकविणाऱ्याची नेहमीची अडचण!

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व अशी तळी शासनाकडे गेली. मालगुजारी गेली हे इष्टच झाले. पण पाळ राखण्याची जबाबदारी गावातून कचेरीत गेली आणि कितीतरी तळी गाळाने भरली. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्यांना आज 'मामा तलाव' म्हणतात.

१९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. आता प्रवासी येतात ते अरण्य आणि हिवाळी बदके पाहावयास. ती बदके उतरतात कोलू पाटलाने अडविलेल्या पाण्यावर. आणि त्याने ते अडविले होते बांधाखालच्या भातखाचरांसाठी.