तळटीप : ‘खासऱ्यात पणजोबांचं नाव’

१४. खासरा म्हणजे १९५४-५५ चे खासरा पत्रक. मराठवाड्यात घराण्याचा शोध बहुधा याच कागदापासून मागे जातो. लेखकाचे गाव उदगीर तालुक्यातले. म्हणून ‘लातूरच्या कचेरीत जुने काही नाही’ या त्यांच्या वाक्याला थोडा खुलासा हवा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. नांदेडकडे हीच गत किनवटची. तो भाग आदिलाबादेतून आला. गाव जागचे हलले नाही, दप्तर मात्र तीन ठिकाणी विखुरले. निजामी राजवटीचे बरेच कागद आजही हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत.

जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचे वर्ष. हे न कळल्याने अनेकांचे पणजोबा सहाशे वर्षे मागे गेलेले मी पाहिले आहेत. पणज्यांची नावे बहुधा वारसाच्या फेरफारातच सापडतात, तीही नवरा वारल्यावर. ही उणीव मला फार जाचते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यासाठी अवश्य पाहाव्यात. घरात उर्दू वाचणारे कोणी वडीलधारे असतील, तर जुना कागद त्यांच्यासमोर आजच ठेवा. – संपादक