रविवार कुणाचा?



आठवड्यातला सगळ्यात दमवणारा वार कोणता, असं आमच्या गटाच्या बैठकीत एकदा सहज विचारलं, तर सगळ्या जणी एका सुरात म्हणाल्या, रविवार. शनिवार दुपारपासून नेरळ, कर्जत, चौक, खालापूरच्या रस्त्यांवर मुंबई-पुण्याच्या गाड्या सुरू होतात. फार्महाऊस भरतात आणि आपला फोन वाजतो, "ताई, उद्या दीडशे भाकऱ्या होतील का?" घरच्या माणसांनाही रविवारीच कोंबडी हवी असते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी चूल दोनदा पेटते.

हा सुट्टीचा रविवार आला कुठून, आणि आपल्या कर्जत-खालापुरात बाहेरच्या माणसाला जेवू घालण्याचं काम कधीपासून चालू आहे, ते आज बघू या.

आधी रविवारची गोष्ट. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये आठवड्याची सुट्टी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत कामगार उभे असत. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. मालक बधेनात. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, दहा हजारांच्या आसपास माणसं जमली. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. हजारो पुरुषांसमोर त्या काळात उभं राहून आम्हालाही सुट्टी पाहिजे म्हणून त्यांनी सांगितलं. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज कार्यालयं, शाळा रविवारी बंद असतात. त्यामागे गिरणीतल्या बायकांचाही आवाज आहे, एवढं आपण लक्षात ठेवू.

आता आपल्या भागाकडे येऊ. इथे बाहेरचा माणूस आणला तो रेल्वेनं. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. पुढे बोरघाट आडवा होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट प्रवाशांना डोलीतून, घोड्यावर नाहीतर बैलगाडीनं चढावा लागे. घाटातले रूळ पुरे झाले १८६३ मध्ये.

हा घाट फोडताना एका वेळी चाळीस हजारांवर माणसं कामाला होती. त्यात बायका होत्या, पोरंही होती. माती आणि दगड डोक्यावरून वाहायचे. पटकीच्या साथीत आणि अपघातांत हजारो मेले. घाटाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मायदेशी परतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण तिनं ठेका स्वतःच्या अंगावर घेतला, जाणते इंजिनिअर नेमले आणि काम शेवटाला नेलं. इतिहासात अ‍ॅलिसचं नाव आहे. तिच्याच कामावर दगड वाहणाऱ्या आपल्या बायकांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत. संध्याकाळी झोपडीत जाऊन त्यांनाच भाकरी थापायची होती, हे सांगायला पुस्तक नको. ते आपल्याला माहीत आहे.

घाट झाला आणि कर्जत स्टेशनाला महत्त्व आलं. घाटाचा चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढते. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबणार, आणि थांबलेल्या गाडीतल्या माणसाला भूक लागणार. त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा मोठा झाला. दिवाडकरांचा वडा ठाऊक नाही असा मुंबई-पुणे प्रवासी विरळा. खाली खोपोलीत जुन्या महामार्गावर रमाकांतच्या वड्यासाठी गाड्या थांबू लागल्या.

या वडापावात आपलं किती आणि बाहेरचं किती, तेही गमतीचं आहे. बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आली. पावही त्यांचाच. गोव्यात पीठ फुगवायला ताडी वापरत. बेसन, आलं, कोथिंबीर आपली. जुन्या माणसांना पाव चालत नसे, आणि परक्याच्या हातचं तर नाहीच. स्टेशनावर पाणीसुद्धा हिंदूंचं वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं मिळत असे. तरी भूक लागली की माणूस बाहेरचं खाऊ लागला, आणि खाता खाता ही सोवळी-ओवळी बरीच सैल झाली. हे रेल्वेनं आणि खाणावळींनी केलेलं मोठं काम आहे.

खाणावळींमागे तर बायकाच होत्या. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत गेलेला गडी कुटुंब गावी ठेवून जाई. गिरणगावात एकेका खोलीत राहणारी एखादी बाई अशा दहा-वीस गड्यांचं जेवण रांधायची. पहाटे चारला उठायचं आणि रात्री भांडी घासून आडवं व्हायचं. गड्यांचा पगार होईपर्यंत सामान उधारीवर आणायचं, त्यामुळे व्याजातच कमाई जायची. गिरणी कामगाराची हजेरी लागत होती, पण त्याला जेवू घालणारीची हजेरी कुणी मांडत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेनं त्यांना कर्ज दिलं आणि सावकार सुटला. "मी घरीच असते" म्हणणारी बाई आता "माझा धंदा आहे" म्हणू लागली.

इकडे सुट्टीचे पाहुणेही कमी जुने नाहीत. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान साहेबलोकांच्या नजरेत आणलं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली, ती आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं उभारली. पाहुणे हवा खायला वर जात आणि त्यांचं सामान हमाल वाहत. डोंगरातल्या ठाकर, कातकरी बायका करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन स्टेशनावर बसत. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पुरा झाला. खालापूरजवळ फूड मॉल झाले. मुंबई-पुण्याहून एका दिवसात येऊन जाणं सोपं झालं आणि भातशेतीच्या जागी फार्महाऊसं उभी राहिली. शेत विकलं त्या घरची सून आता तिथेच स्वयंपाकाला जाते, असं आपल्या आजूबाजूला दिसतंच.

या पाहुण्यांना आता आपलं जुनं खाणं हवं असतं. थंडीत पहिली मागणी पोपटीची. नव्या पोरींसाठी सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मग बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर. वर पुन्हा पाला गच्च दाबायचा. मडकं पालथं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र होऊन लगेच सुकला तर पोपटी झाली.

आमच्या लेकी हल्ली कुकरच्या तळाला मीठ पसरून केक भाजतात आणि आपल्याला वाटतं, ही शहरातली कला. पण पोपटीचं मडकं म्हणजे भट्टीच. कोकणात जून काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून धोंडस करतात. पातेल्याखाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे. विजेचा ओव्हन तरी याहून वेगळं काय करतो? वरून-खालून सारखी आच देतो. फरक एवढाच की केक शिकवायला फी घेतात, आणि पोपटी शिकवणाऱ्या आजीला कुणी काही देत नाही. शेताचे बांध गेले तर वालही जाईल आणि भांबुर्डाही, हीसुद्धा काळजी आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका फार्महाऊसवर आम्ही दीडशे भाकऱ्या दिल्या, १० रुपयाला एक. १,५०० रुपये हातात आले, आम्ही खूश. पुढच्या बैठकीत एका शिकलेल्या पोरीनं वही काढली. तांदळाचं पीठ १२ किलो, दळणासकट ५५० रुपये. तांदूळ आमच्याच शेतातला कर्जत-३ होता, म्हणून आम्ही तो फुकट धरला होता. ती म्हणाली, बाजारात विकला असता तर पैसे आले नसते का? लाकूडफाटा, मीठ, पोचवायची रिक्षा मिळून २००. उरले ७५०. चार बायका पहाटे पाच ते अकरा, म्हणजे २४ तासांचं काम. ७५० भागिले २४. तासाला जेमतेम ३१ रुपये!

आम्ही गप्प झालो. भाकरी घरातच करतो, त्यात काय मोजायचं, अशी आमची सवय. ज्या कामाला मोल नाही असं आपणच धरून चालतो, त्याला दुसरा मोल कशाला देईल?

पुढच्या वेळी आम्ही १८ रुपये सांगितले. मालक म्हणाले, शेजारच्या पाड्यावर १० मध्ये मिळते. खरंच मिळत होती. दोन रविवार काम गेलं. घरात बोलणीही खाल्ली. मग आम्ही त्या पाड्यावरच्या बायकांकडे गेलो. भांडायला नाही, वही दाखवायला. त्यांनी आपला हिशेब मांडला, तो आमच्यासारखाच निघाला. आता दोन्ही गटांचा दर एक आहे. १८ च्या दरानं २,७०० येतात, खर्च जाऊन १,९५० उरतात. तासाला ८१ रुपये पडतात. काही मालक तुटले, काही टिकले. तुटलेल्यांची आठवण येते, खोटं कशाला बोलू. तरी पुन्हा १० ला जायचं नाही, हे ठरलं आहे.

आपल्या मातीत ही रीत नवी नाही. माथेरानचे भाई कोतवाल यांनी १९४० च्या सुमारास कर्जत तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या. पेरणीला, खाण्याला सावकाराकडे जावं लागू नये म्हणून सगळ्यांचं धान्य एकत्र. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांना आपण दर वर्षी हार घालतो. त्यांची एकत्र राहायची शिकवणही वापरू या.

शेवटी बाहेर जेवण्याचं. जुन्या काळी हॉटेलात बाई दिसली की लोक बघत राहत. मुंबईच्या इराणी हॉटेलांनी म्हणून कुटुंबासाठी आडोशाच्या खोल्या ठेवल्या होत्या. आम्ही आयुष्यभर दुसऱ्याला वाढलं, पण गटातल्या सात जणी कधीच हॉटेलात बसून जेवल्या नव्हत्या. भाकरीच्या पैशातून थोडे बाजूला काढले आणि एका सोमवारी कर्जतला गेलो. आधी काय मागवायचं तेच कळेना. एक जण ताट उचलून धुवायला निघाली, पोऱ्यानं हसून तिच्या हातून घेतलं. दुसरी म्हणाली, भाकरी आपल्यासारखी नाही, पण गरम आयती मिळाली हेच खूप. घरी परतलो तेव्हा कुणीही उपाशी नव्हतं. पोरांनी खिचडी लावली होती, थोडी करपलेली.

तेव्हापासून महिन्यातला एक सोमवार आमचा रविवार आहे.

तुम्हीही एक करा. येत्या रविवारी चुलीजवळ एक वही ठेवा. किती वाजता उठलात, किती तास राबलात, आपलं पीठ, लाकूड किती लागलं, लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. पुढच्या बैठकीत सगळ्या वह्या समोर ठेवा आणि मग दर ठरवा. सुट्टीचा वारही त्याच बैठकीत ठरवून टाका.